खोक्यांतून आलेली मोटार

न्यूझीलंड हा देश आपल्यापासून फार दूर, समुद्रापलीकडे आहे. तेथे ऑकलंड नावाचे मोठे शहर आहे. त्या शहरात लेस मॅक्लारेन नावाचे गृहस्थ राहत. पेट्रोल विकणे आणि मोटारी दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. १९५२ साली त्यांनी एक जुनी मोटार विकत घेतली. मोटार कसली! नुसते सुटे भाग. काही तर खोक्यांत भरून आलेले. गाडी जोडावी, धड करावी आणि विकावी, म्हणजे चार पैसे सुटतील, असा त्यांचा विचार होता.

पण त्यांच्या मुलाने हट्ट धरला. “ही गाडी विकायची नाही,” तो म्हणाला.

मुलाचे नाव ब्रूस. लहानपणी त्याला खुब्याच्या हाडाचे दुखणे झाले होते. वर्षानुवर्षे तो अंथरुणाला खिळून होता. बरा झाला, पण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला. अशा मुलाने वडिलांच्या हाताखाली ती गाडी जोडली. घरामागच्या झाडांभोवती गोल गोल फिरवून तो चालवायला शिकला. पंधराव्या वर्षी तो त्याच गाडीतून स्पर्धेत उतरला.

जुन्या, मोडक्या गाडीची शर्यतीची गाडी कशी करतात? त्याला पैसा जास्त लागतो की विचार? या धड्यात आपण ते पाहू.

गाडी कोणती?

त्या गाडीचे नाव ऑस्टिन सेव्हन. इंग्लंडमध्ये हर्बर्ट ऑस्टिन नावाचे कारखानदार होते. साध्या माणसाला परवडेल अशी लहान मोटार करावी, असे त्यांच्या मनात आले. गाडीचे नकाशे काढायला त्यांनी स्टॅन्ले एज नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हाताशी घेतला. १९२२ साली गाडी लोकांपुढे आली. पुढे १९३९ पर्यंत अशा तीन लाखांच्या जवळपास गाड्या तयार झाल्या.

गाडी इतकी लहान, की इंजिनाचे माप पाऊण लिटर. तरी त्यात चार सिलिंडर होते. साधी गाडी ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावे. ब्रूसची गाडी १९२९ सालची, ‘अल्स्टर’ जातीची होती. ही जात मुळात शर्यतीसाठी केलेली, म्हणून जरा तेज.

दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा इंग्लंडात पैशांची चणचण होती. नव्या गाड्या मिळत नव्हत्या. मात्र जुन्या ऑस्टिन सेव्हन गल्लोगल्ली पडून होत्या. हौशी तरुणांनी त्याच उचलल्या. ‘७५० मोटर क्लब’ नावाची त्यांची संस्था १९३९ सालीच निघाली होती. ऑस्टिन सेव्हनचाच सांगाडा आणि तिचेच इंजिन घ्यायचे, बाकी डोके आपले वापरायचे, अशा नियमाच्या शर्यती या संस्थेने सुरू केल्या. संस्था आजही शर्यती भरवते.

याच काळात लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाचा एक तरुण इंजिनिअरिंग शिकत होता. फावल्या वेळात तो जुन्या मोटारी घेऊन विकत असे. धंदा बसला. एक जुनी ऑस्टिन सेव्हन मात्र गळ्यात राहिली, ती कोणी घेईना. मग ज्या मुलीशी पुढे त्याचे लग्न झाले, तिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने ती खोलली. १९४८ साली त्यातून त्याची पहिली स्पर्धेची गाडी तयार झाली.

अशा हौशी माणसांनी काय काय केले, ते आता क्रमाने बघू.

पहिले काम : ओझे उतरवणे

पहिले काम जोडण्याचे नाही, काढण्याचे. मडगार्ड काढायचे. जड दरवाजे, टप, गाद्या, मागची बैठक काढायची. त्याजागी पातळ अ‍ॅल्युमिनियमचे हलके अंग बसवायचे.

कारण काय? रिकामी बैलगाडी आणि उसाने भरलेली बैलगाडी, दोन्ही आपण हाकलेल्या आहेत. भरलेली गाडी निघायला जड, वळायला जड आणि उतारावर थांबवायला तर फारच जड. मोटारीचेही तसेच आहे. इंजिनाची ताकद वाढवली, तर गाडी सरळ वाटेवर जोरात पळेल. पण ओझे कमी केले, तर ती निघताना, वळताना आणि थांबताना, तिन्ही वेळी हलकी पडेल. शिवाय ओझे काढायला पैसे लागत नाहीत.

दुसरे काम : सांगाडा घट्ट करणे

मोटारीच्या खाली लोखंडी सांगाडा असतो. त्याला चासी म्हणतात. ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यात दोन लांब पट्ट्या होत्या. पुढे त्या जवळ येत, मागे फाकत जात. या पट्ट्या भरीव नव्हत्या. पन्हाळीसारख्या, एका बाजूने उघड्या होत्या. म्हणून वळणावर सांगाडा पिळवटे आणि चाके नीट टेकत नसत.

यावर उपाय काय, हे घरी बसून कळते. काड्यापेटीचा आतला खण बाहेर काढा आणि दोन्ही हातांनी पिळा. तो सहज पिळतो. आता खण पेटीत परत घाला आणि पिळून बघा. पिळत नाही! उघडी बाजू झाकली गेली, म्हणून ताकद आली. हौशी मिस्त्री हेच करत. सांगाड्याच्या उघड्या बाजूवर पत्रा बसवत आणि पन्हाळीची चौकोनी नळी करत. वजन थोडे वाढे, पण सांगाडा ताठ होई. चॅपमननेही आपल्या गाडीचा सांगाडा असाच बंद केला.

मग गाडी खाली आणायची. कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, चपट्या करायच्या. कडब्याने उंच भरलेली गाडी चढउतारावर कलंडते. तेवढेच वजन पोत्यांत भरून खाली ठेवले, तर कलंडत नाही. वजन जितके खाली, तितकी गाडी वळणावर भरवशाची.

तिसरे काम : इंजिन

आता इंजिन खोलायचे. प्रत्येक भाग रॉकेलने धुवायचा आणि उजेडात धरून तडा आहे का ते बघायचे.

इंजिनात पिस्टन वरखाली होतात. त्यांचे वरखाली होणे फिरण्यात बदलणारा दांडा म्हणजे क्रँक. साध्या ऑस्टिन सेव्हनचा क्रँक बरीच वर्षे फक्त दोन टोकांनाच टेकलेला असे. मध्ये आधार नाही. चार पिस्टन त्याला दणके देत. इंजिन फार जोरात फिरवले, तर दांडा वाके आणि कधी मोडेही. म्हणून शहाणा मिस्त्री आधी क्रँकचा तोल साधे. चारही पिस्टन वजनाला सारखे करी. ऑईल सगळीकडे पोचते की नाही, ते पाही. त्यानंतर ताकद वाढवण्याच्या गोष्टी.

चॅपमनची एक युक्ती येथे सांगण्यासारखी आहे. या इंजिनात सिलिंडर चार, पण पेट्रोलमिश्रित हवा आत जाण्याची दारे दोनच. दोन सिलिंडरांत एक दार. एकाने हवा ओढली, की शेजाऱ्याला कमी पडे.

हे आपल्याला नवे नाही. एकाच पाटावर दोन शेते असली, की पहिला पाणी ओढतो आणि दुसऱ्याचे पीक वाळते. मग आपण काय करतो? पाटात मधोमध बांध घालतो आणि दोघांचे पाणी वेगळे करतो. चॅपमनने तेच केले. त्या दारात त्याने पातळ पडदा घातला. प्रत्येक सिलिंडरला आपापला वाटा मिळाला. १९५१ साली त्याची गाडी या शर्यतींत इतकी पुढे गेली, की पुढे नियम बदलून ही युक्तीच बंद करावी लागली!

नवे इंजिन घ्यायला त्याच्याजवळ पैसे नव्हते. पण होते ते इंजिन कोठे उपाशी राहते, हे त्याने शोधून काढले. पुढे त्याच्या लोटस कंपनीच्या गाडीने १९६३ साली जगातील अजिंक्यपद मिळवले.

चौथे काम : थांबण्याची तयारी

आम्ही हे काम शेवटी सांगत आहोत, पण ते महत्त्वाने पहिले आहे.

ऑस्टिन सेव्हनचे ब्रेक तारेचे होते, सायकलीला असतात तसे. तार ताणली की ब्रेक सैल पडे. सुरुवातीच्या गाड्यांत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या चाकांना लागे. एका बाजूचे चाक जास्त धरले आणि दुसरे कमी, तर गाडी आडवी होई. म्हणून चारही चाके उचलून, एकेक हाताने फिरवून, ब्रेक सारखे लावून घ्यावे लागत.

एक हिशोब सर्वांनी ध्यानात ठेवावा. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर दुप्पट लागत नाही, चौपट लागते. ताशी ४० वेगाला ब्रेक दाबल्यावर गाडी १० मीटरांत थांबत असेल, तर ताशी ८० वेगाला तिला ४० मीटर लागतील. आपली मोटारसायकल असो की ट्रॅक्टर, हिशोब हाच. म्हणून ब्रेक सुधारल्याशिवाय वेग वाढवू नये.

त्या काळी गाडी उलटली, तर माणसाला आडोसा नसे. आज हौशी शर्यतीच्या गाडीतही लोखंडी नळ्यांचा पिंजरा, खांद्यावरून आणि कमरेवरून बांधणारे पट्टे आणि आग विझवण्याचे साधन लागते. शर्यतीआधी तपासनीस गाडी पाहतात. त्यांनी नापास केली, तर गाडी बाहेर. आणि शर्यत होते ती राखून ठेवलेल्या, बंद जागेत. येण्याजाण्याच्या रस्त्यावर शर्यत लावणे हा खेळ नव्हे, गुन्हा आहे.

पाचवे काम : कधी न संपणारे

बैलगाडी जुंपताना जाणता माणूस आखाच्या टोकाची खीळ हाताने चाचपून बघतो. काल बघितली होती, म्हणून आज सोडत नाही. मोटारीतही तशा खिळा असतात. धक्क्याने नट सैल होतो. म्हणून महत्त्वाच्या नटातून आरपार बारीक पिन घालतात. काही बोल्टांना भोक पाडून तारेने बांधतात. नट आवळला, की त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली, की समजावे, नट फिरला आहे. आपल्या ट्रॅक्टरच्या चाकांनाही ही रेघ ओढून ठेवता येते.

ब्रूसचे पुढे काय झाले? तो मोठा शर्यतपटू झाला. १९५९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेतील मोठी शर्यत जिंकली. १९६३ साली त्याने स्वतःची कंपनी काढली. मॅक्लारेन हे नाव शर्यतीच्या जगात आजही मोठे आहे.

पण २ जून १९७० या दिवशी इंग्लंडमध्ये गुडवुड येथे तो आपल्याच कंपनीची गाडी चालवून पाहत होता. गाडी भरधाव असताना मागच्या अंगावरचे कवच सुटले. वाऱ्याचा दाब त्या कवचावर पडून गाडीचे मागचे अंग जमिनीला दाबून धरत असे. कवच गेले, तो दाब गेला आणि गाडी ताब्यात राहिली नाही. ब्रूस जागीच गेला. वय अवघे ३२.

हे लिहिताना आम्हांला वाईट वाटते. त्याला गाड्या कळत नव्हत्या, असे कोण म्हणेल? लहानपणी त्याने खोक्यांतून गाडी उभी केली होती. पण एका बाबतीत यंत्र कोणाचीच भीड धरत नाही. जे सुटते, ते सुटते. म्हणून पाना खाली ठेवला तरी नजर खाली ठेवू नये.

ब्रूसची ती छोटी ऑस्टिन सेव्हन त्याच्या कंपनीने जपून ठेवली आहे. नव्या, चकचकीत गाड्यांच्या शेजारी ती उभी असते. मोठ्या कामाची सुरुवात कोठून झाली, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते.

विचार करा

१. गाडीची ताकद वाढवण्याआधी तिचे ओझे का उतरवतात?
२. काड्यापेटीचा प्रयोग घरी करा. काय दिसले, ते दोन ओळींत लिहा.
३. ताशी ३० वेगाला गाडी ६ मीटरांत थांबते. ताशी ६० वेगाला किती मीटर लागतील?
४. तुमच्या गाडीची, सायकलीची किंवा पंपाची कोणती गोष्ट रोज तपासायला हवी? तिचे नाव लिहा आणि उद्या सकाळी ती तपासा.