तुणतुणे मुलांच्या हाती द्या

प्रश्न : पत्र्याचे डबे आणि बांबू वापरून मी घरी तुणतुणी बनवतो. गल्लीतल्या मुलांना हा आनंद कसा देता येईल?

उत्तर : गणेशोत्सवात मंडपातच कार्यशाळा घ्या. डब्याच्या तळाला भोक पाडणे, धारदार कडा घासणे ही कामे आधी स्वतः उरका. तार ओवणे, खुंटी बसवणे मात्र मुलांना करू द्या. तळाबाहेर तारेच्या टोकाला बटण अडकवा, म्हणजे भोक फाटत नाही. खुंटी पिळताना चेहरा तारेपासून लांब हवा. मग सगळी तुणतुणी गाणाऱ्याच्या षड्जाला जुळवा. तार एकच, त्यामुळे नवख्यालाही लगेच साथ करता येते. लय तेवढी सांभाळायची. जवळपासच्या शाहिरांना किंवा गोंधळींना मानाने बोलवा आणि त्यांच्या गाण्याला मुलांनाच साथ करू द्या.