ट्रायलचं औषध फुकट, बाकीचं बिल कोणाचं?

केमोनंतर लिम्फोमा उलटला आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात डॉक्टरांनी नव्या अँटिबॉडीच्या ट्रायलचं नाव काढलं, तर ‘सगळं फुकट’ एवढं ऐकून सही करू नका. कंपनीच्या ट्रायलमध्ये नवं औषध फुकट मिळतं, हे खरं. पण कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठीने ठरताना जुन्या उपचाराचा गट वाट्याला आला, तर त्या जुन्या औषधाचे पैसे कोण देणार? पेट स्कॅन, बायॉप्सी, रक्ततपासण्यांपैकी ट्रायलसाठी जादा लागणाऱ्या कोणत्या आणि एरवीही कराव्याच लागल्या असत्या त्या कोणत्या? दुसऱ्या प्रकारच्या बऱ्याचदा पेशंटच्या खात्यावर पडतात आणि फाईल जनरल की प्रायव्हेट, यावर त्यांचा आकडा ठरतो. उत्तरं संमतिपत्रात लेखी हवीत, प्रवासखर्चाचंही.

औषधाने इजा झाली तर २०१९च्या क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार उपचार प्रायोजकाच्या खर्चाने. इजा ट्रायलमुळेच झाली असं ठरलं तर भरपाईही. ही तरतूद नीट वाचा. कारण ग्लोफिटामॅब, एपकोरिटामॅबसारखी नवी अँटिबॉडी एका बाजूने कॅन्सरची पेशी आणि दुसऱ्या बाजूने आपलीच प्रतिकार करणारी टी-पेशी धरते. त्यामुळे सुरुवातीच्या डोसांनंतर ताप चढतो, रक्तदाब उतरतो, क्वचित आयसीयूही लागतं.

बाहेरगावच्या घराला खरा फटका बसतो तो मुक्कामाचा. ग्लोफिटामॅबचा नेहमीचा कोर्स २१ दिवसांच्या १२ फेऱ्यांचा, म्हणजे आठ महिन्यांवर. एपकोरिटामॅब पहिले तीन महिने दर आठवड्याला. परळ-लालबागला इतके दिवस लॉज कोणाला परवडणार? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन इथे सहीच्या आधीच चौकशी करा. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागालाही भेटा.

ट्रायलमध्ये नंबर लागला नाही, तर विकत घ्याव्या लागणाऱ्या औषधांपैकी पोलाटुझुमॅब आणि ओबिनुटुझुमॅब या अँटिबॉडींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झालाय, हे लक्षात ठेवा. जुनं कोटेशन असेल तर नवं मागा. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या कामातून आलेली, २०२३मध्ये मंजूर झालेली नेक्सकार१९ ही कार-टी थेरपी ३० ते ४० लाखांच्या घरात सांगितली जाते. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त, पण गिरगावातल्या चाळकऱ्याला तीही डोंगराएवढीच. मेडिक्लेममध्ये अँटिबॉडीच्या इंजेक्शनांना वेगळी मर्यादा असू शकते, आणि सिद्ध न झालेले उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात.

सहीआधी ट्रायलचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) नोंदणी क्रमांक मागून घ्या. ट्रायलच्या नव्या औषधाचे पैसे कोणी मागितले, तर संमतिपत्रावरच्या एथिक्स कमिटीच्या नंबरावर फोन करा.