मुलांच्या मनावरचा ताण आणि मोबाइलमधील अ‍ॅप

दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली, की घराघरांतील वातावरण बदलते. मुलगा अर्ध्या जेवणावरून उठतो, मुलीला रात्री झोप लागत नाही. पोटात गोळा येतो, छातीत धडधडते, पाठ केलेले ऐनवेळी आठवत नाही. 'वर्षभर अभ्यास केला असता तर ही वेळ आली नसती,' असे म्हणून आपण विषय संपवतो. मग ही मुले मोबाइलवर ताण कमी करणारी अ‍ॅप शोधू लागतात. अशा अ‍ॅपचा उपयोग किती आणि त्यांच्यावर विसंबायचे कुठपर्यंत, हे आज पाहू.

परीक्षेपूर्वी थोडी धाकधूक वाटणे हा आजार नव्हे. परंतु बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण चार मुले. त्यामुळे मुलांच्या तक्रारी नाटक म्हणून उडवून लावू नयेत.

अ‍ॅपचा उपयोग कोणता?

बहुतेक अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी असतात. पहिली, श्वसनाचा व्यायाम. चार अंक मोजत श्वास आत घ्यावा व सहा अंक मोजत सावकाश सोडावा. श्वास लांबवून सोडल्याने हृदयाचे ठोके मंदावतात व शरीर सैल पडते. पाच मिनिटे पुरेशी होतात.

दुसरी, विचारांची नोंद. 'मी नापास होणार' हा विचार लिहून काढावा. त्याला पुरावा काय? मागील चाचणीत गुण किती होते? उद्या कोणता धडा करता येईल? अशी उत्तरे लिहिली, की भीतीचा आकार कमी होतो. मनोविकारतज्ज्ञही ही पद्धत उपचारांत वापरतात. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांना हे दोन्ही साध्या वहीवर करता येते.

मर्यादा कोणत्या?

अ‍ॅप रुग्णाला तपासत नाही. रक्तक्षय किंवा थायरॉइडच्या विकारातही धडधड व थकवा जाणवतो, ते डॉक्टरच ओळखू शकतात. अ‍ॅप कायम राहील याचीही खात्री नसते. 'वोबॉट' हे गाजलेले अमेरिकन अ‍ॅप जून २०२५ मध्ये बंद झाले.

दुसरा धोका खासगी माहितीचा. ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना दिल्याचा ठपका ठेवून अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने २०२३ साली 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून अ‍ॅपमध्ये शाळेचे नाव, पत्ता, छायाचित्र देऊ नये. सुरुवातीला फुकट असलेले अ‍ॅप पुढे पैसे कापते का, हे पालकांनी पाहावे. आणि रात्री अंथरुणात मोबाइल नको; ज्या झोपेसाठी अ‍ॅप घेतले, तीच त्याने उडते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढील लक्षणे दिसल्यास अ‍ॅपवर वेळ घालवू नये :

- दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, रडू येणे
- शाळेत जाण्यास, मित्रांना भेटण्यास सतत नकार
- जेवण व झोप यांत मोठा बदल
- स्वतःला इजा करणे किंवा 'जगून काय उपयोग' अशी भाषा

शेवटचे लक्षण दिसल्यास मुलाला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अशा प्रश्नांसाठी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते. २०२४ साली या सेवेचे अ‍ॅपही निघाले. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराविषयी चौकशी करावी.

पालकांसाठी एक सूचना. मुलाच्या मोबाइलमध्ये असे अ‍ॅप दिसले, तर रागावू नका आणि चोरून वाचूही नका. त्याला काहीतरी सोसवत नाही, एवढे त्यावरून समजा. रात्री दहा मिनिटे त्याच्याजवळ बसा, गुणांचा विषय काढू नका, आणि तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐकून घ्या.