जन्मखुणा : रंगपेशींच्या प्रवासाची नोंद

बंगळूरच्या दक्षिणेकडील आनेकल असो वा कोकणातील एखादे खेडे, नवजात बालकाला न्हाऊ घालताना त्याच्या कमरेखाली निळसर करडा डाग पुष्कळदा दृष्टीस पडतो. गर्भारपणी मातेने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असे कोणी म्हणते आणि दोष तिच्या माथी येतो. वस्तुतः या डागाचा संबंध ग्रहणाशी नसून गर्भाच्या वाढीशी आहे.

त्वचेला वर्ण देणारे मेलॅनिन हे द्रव्य रंगपेशींत तयार होते. या पेशी मूळच्या त्वचेतील नव्हेत. गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेवर, भावी मज्जारज्जूलगत, तंत्रिकाशिखा नावाचा पेशीसमूह असतो. गर्भावस्थेच्या आरंभीच्या आठवड्यांत रंगपेशींच्या पूर्वज पेशी तेथून निघतात आणि अंतस्त्वचेतून वाट काढीत बाह्यत्वचेत पोचतात. मागे राहिलेल्या बहुतेक पेशी जन्मापूर्वी नाहीशा होतात. कमरेच्या भागात मात्र त्या काही काळ टिकून राहतात. तोच हा डाग होय. मेलॅनिन तपकिरी असूनही डाग निळा दिसतो, कारण खोलवरचे मेलॅनिन प्रकाशातील लांब लहरी शोषून घेते आणि आखूड निळ्या लहरी विखुरल्या जाऊन डोळ्यांपर्यंत परत येतात. एर्विन बेल्झ या जर्मन वैद्याने १८८५ साली या डागाला ‘मंगोल’ हे नाव दिले. पण तो कोणा एका वंशाची खूण नव्हे. भारतीय व आफ्रिकी बालकांतही तो सर्रास आढळतो.

रंगपेशी बाह्यत्वचेच्या तळाशी किंवा अंतस्त्वचेत पुंजक्याने राहिल्या, की तपकिरी वा काळा जन्मजात तीळ दिसतो. शंभरांतील सुमारे एका नवजात बालकास तो असतो. पुष्कळदा याचे मूळ गर्भधारणेनंतर एखाद्याच पेशीच्या जनुकात झालेल्या बदलात असते. म्हणूनच असा तीळ सहसा आनुवंशिक नसतो.

खुणांची मांडणीही सर्वस्वी स्वैर नसते. आल्फ्रेड ब्लाश्को यांनी १९०१ साली दाखविले, की अनेक त्वचाविकारांचे पट्टे ठरावीक रेषांनी जातात. पाठीवर त्या मध्याकडे उतरत्या, तर कुशीवर नागमोडी असतात. या रेषा गर्भातील पेशींच्या वाढीचे मार्ग दर्शवितात, असे आज मानले जाते. जपानमध्ये ओता यांनी १९३९ साली वर्णिलेला निळसर डाग बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूस, डोळ्याभोवती आढळतो.

कमरेचा डाग सामान्यतः शाळेत जाण्याच्या वयापर्यंत पुसट होतो. त्यास उपचार लागत नाहीत. मात्र तो माराचा वण समजला जाण्याचा धोका असतो. मुका मार दुखतो आणि थोड्या दिवसांत रंग बदलतो. हा डाग दुखत नाही आणि कित्येक आठवडे तसाच राहतो. म्हणून जन्माच्या वेळीच त्याची नोंद करणे हितावह असते. अतिशय मोठा तीळ, आकार वा रंग बदलणारी खूण, अथवा पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा अधिक फिकट तपकिरी डाग आढळल्यास मात्र वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा. दोषाची चर्चा करण्यापेक्षा डोळसपणे पाहणे हेच बालकाच्या व मातेच्या हिताचे आहे.