उद्यानाच्या फाटकाबाहेरचा धंदा

सुटी लागली की मुलाबाळांसह वॉटर पार्क किंवा मनोरंजन उद्यानात एक दिवस घालविण्याची रीत आता मध्यमवर्गात रुळली आहे. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आणि १९९८ मध्ये वॉटर किंगडम सुरू झाले, तेव्हापासून ही हौस वाढतच गेली. आपल्यापैकी बहुतेक जण तेथे ग्राहक म्हणूनच जातात. आज आपण या उद्योगाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू.

खर्च आधी, कमाई नंतर

जमीन, पाळणे, घसरगुंड्या, पंप, पाणी गाळण्याची यंत्रे या सर्वांवर भांडवल पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वीच ओतावे लागते. शंभर माणसे येवोत की पाच हजार, देखभाल आणि जीवरक्षकांचे पगार चुकत नाहीत. गर्दी मात्र शनिवार-रविवारी आणि उन्हाळी व दिवाळीच्या सुटीत. मंगळवारी न विकलेले तिकीट बुधवारी विकता येत नाही. म्हणून मालकाची नजर तिकिटाइतकीच आतल्या खाण्यापिण्यावर, लॉकरवर आणि भाड्याच्या कपड्यांवर असते.

खोपोलीचा धडा

खोपोलीजवळ २०१३ मध्ये ॲडलॅब्ज इमॅजिका सुरू झाले. सुमारे १,६०० कोटी रुपये खर्च झाले, त्यात मोठा हिस्सा कर्जाचा होता. उद्यान लोकांना आवडले; पण व्याज हंगाम पाहत नाही. २०१५ मध्ये शेअर विकून कर्ज हलके करण्याचा प्रयत्न झाला, तरीही पुढे हप्ते थकले. २०२० मध्ये कोरोनामुळे फाटके बंद झाली. अखेर २०२२ मध्ये बँकांशी तडजोड होऊन ताबा संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. हा समूह शिर्डी व लोणावळ्यात आधीपासून वॉटर पार्क चालवीत होता. गिऱ्हाईक असूनही कर्जाच्या ओझ्याखाली धंदा मालकाच्या हातून जातो, ही गोष्ट छोट्या दुकानदारालाही तितकीच लागू आहे.

आपला वाटा कोणता?

वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, तेव्हा भोवतीच्या जमिनीवर इतरांनी हॉटेले थाटून चांगली कमाई केली. म्हणूनच पुढे फ्लोरिडात डिस्ने कंपनीने सुमारे २७ हजार एकर जमीन घेऊन ठेवली. फाटकाबाहेरच्या धंद्याची किंमत यावरून कळते.

आपल्या कारागिरांना येथे वाव आहे. पाळण्यांचे वेल्डिंग, फायबरच्या मूर्ती व घसरगुंड्यांची दुरुस्ती, रंगकाम ही कामे दरवर्षी निघतात. शाळांच्या सहलींसाठी बस आणि जेवणाचे कंत्राट हा दुसरा मार्ग.

तिसरा मार्ग शिलाईचा. सुती कपड्यांचे धागे गाळणयंत्रात अडकतात, म्हणून वॉटर पार्कमध्ये नायलॉनचे कपडे लागतात. अंगभर कपडे घालणाऱ्या स्त्रियांची येथे अडचण होते आणि अनेक कुटुंबे घरीच राहतात. ऑस्ट्रेलियात आहेदा झनेट्टी या महिलेने २००४ च्या सुमारास हीच अडचण ओळखून अंगभर पोहण्याचा पोशाख बनविला आणि त्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली. आपल्या शिलाई कारखान्यांना हे काम अवघड नाही. मात्र नमुना शिवल्यावर आधी जवळच्या उद्यानाचे पोशाखाचे नियम विचारून घ्यावेत, मगच कापडाचे ठाण उचलावे.

सुरुवात लहान असावी, स्वतःच्या भांडवलावर असावी आणि उन्हाळ्याच्या दोन महिने आधी व्हावी. हंगाम सुरू झाल्यावर जागा झालेल्या व्यापाऱ्याच्या हाती फक्त उरलेला माल राहतो.