वक्तृत्व : ऐकणाराचे मन कसे वळते?

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड येथे महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. अशा समुदायापुढे बोलावयाचे झाल्यास पुष्कळांचे पाय कापतात. कित्येक नुसते ओरडतात, आणि लोक ऐकून न ऐकल्यासारखे पुढे जातात. मोठा आवाज म्हणजे वक्तृत्व नव्हे. मग वक्तृत्व ते कोणते?

ह्याचे उत्तम उदाहरण विदर्भातच आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) हे अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांना शालेय शिक्षण लाभले नव्हते. तथापि त्यांच्या कीर्तनास हजारो लोक जमत. त्यांच्यापासून तीन गोष्टी शिकाव्या.

१. आधी कृती, मग उक्ती. बाबा गावात येताच खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. दिवसा ज्याने आपल्या दारची घाण काढली, त्याचे बोलणे रात्री कोण टाळील? दारू व कर्ज ह्यांविरुद्ध ते कळवळून बोलत, कारण वडील दारूपायी गेले व मामांचे घर सावकारी कर्जात सापडले, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

२. श्रोत्यांस विचारावे. बाबा साधे प्रश्न विचारून उत्तर लोकांच्याच तोंडून वदवीत. स्वतःच्या तोंडून निघालेले सत्य नाकारणे मनुष्यास कठीण जाते.

३. श्रोत्यांच्या भाषेत बोलावे. बाबांची वाणी वऱ्हाडी होती. आपल्या भागात झाडीबोली आहे. तिची लाज वाटू देऊ नये. दृष्टांतही येथलेच घ्यावे. बोडीची पाळ एका जागी फुटली तरी सारे पाणी जाते व धान वाळते. तसेच एका व्यसनाने घरची मिळकत जाते. हे सांगितल्यावर शेतकऱ्यास अधिक विवरण लागत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीही लोकांच्या ओळखीचा कीर्तनाचाच मार्ग धरिला, हे आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहेच.

तथापि सावध असावे. ह्याच कलेने लबाड मनुष्य भोळ्या लोकांस फसवितो. वाहवा मिळाली म्हणजे कार्य झाले असे नाही. ऐकणारा घरी जाऊन काय करितो, हीच भाषणाची कसोटी. म्हणून उभे राहण्यापूर्वी आपल्या मनास विचारावे : मी सांगतो ते खरे आहे काय? त्यात ऐकणाराचे हित आहे, की माझी कीर्ती?

अभ्यासाचे प्रश्न
१. गाडगेबाबा बोलण्यापूर्वी झाडीत, ह्याचा श्रोत्यांवर काय परिणाम होई?
२. आपल्या गावच्या शेतीतून एक दृष्टांत तयार करा.
३. आपल्या मागील भाषणाने कोणाचे आचरण पालटले काय? नसल्यास उणीव कोठे होती?