सर्वांनी मिळून काढलेला नकाशा

अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी १७२५ साली अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. त्यांनी प्रवाशांसाठी देशात ठिकठिकाणी विहिरी खोदविल्या व धर्मशाळा बांधल्या. प्रवासात विसाव्याचे ठिकाण किती मोलाचे असते, हे त्यांनी जाणले होते.

आज विजेवर चालणाऱ्या मोटारीलाही असा विसावा लागतो. पुण्याहून अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत चार्जिंग केंद्र कोठे आहे, तेथील जोडणी आपल्या मोटारीला बसेल काय व ते चालू आहे काय, हे आधीच कळावयास हवे. पेट्रोल संपले तर ते डब्यातून आणता येते; वीज तशी आणता येत नाही.

ही माहिती कोण देतो? २००४ साली ब्रिटनमध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा सुरू झाला. केवळ चार्जिंग केंद्रांसाठी 'ओपन चार्ज मॅप' २०११ साली निघाला. या दोन्हींत कोणालाही भर घालता येते. एकजण पाहिलेल्या केंद्राची नोंद करतो, दुसरा ती तपासतो. केंद्र बंद पडल्यास तिसरा तसे कळवितो. अशा रीतीने एकमेकांना न ओळखणारी माणसे एकमेकांची वाट सुकर करतात.

परंतु मुलांनो, नकाशातील रिकामी जागा प्रवाशाला सावध करते. चुकीची नोंद मात्र त्याला रात्री-अपरात्री आडरानात अडकविते. म्हणून जे स्वतः पाहिले नाही ते लिहू नये, आणि जे पाहिले ते सांगण्याचा आळस करू नये. परोपकार सत्याच्या आधारानेच टिकतो.